विश्लेषण : बोलिंगचा चेंडू सॅण्डपेपरने का घासतात? आणि ते नियमात कसे बसते?

मार्च २०१८ मधली केपटाऊन कसोटी आठवते? ऑस्ट्रेलियाचा कॅमेरॉन बँक्रॉफ्ट हातात लपवलेल्या पिवळ्या कागदाने चेंडू घासताना कॅमेऱ्यात सापडला. तो सॅण्डपेपर होता. कर्णधार स्टीव्ह स्मिथ आणि उपकर्णधार डेव्हिड वॉर्नर यांच्यावर ऑस्ट्रेलियाच्या क्रिकेट मंडळाने प्रत्येकी एक वर्षाची, तर बँक्रॉफ्टवर नऊ महिन्यांची बंदी घातली.

आता दुसरा खेळ घ्या. टेनपिन बोलिंग, म्हणजे मॉलमध्ये दिसणारे तेच बोलिंग, पण स्पर्धेतले. तिथे जवळपास प्रत्येक गंभीर खेळाडूच्या बॅगेत घासायचे पॅड असतात. एक-दोन नव्हे, चांगले पाच-सहा, जाड ते बारीक. स्पर्धेआधी तो चेंडू सगळ्यांसमोर घासतो, पंच बघत असतात आणि कुणाला काही वावगे वाटत नाही.

चेंडूची चकाकी कमी-जास्त केल्याने त्याची वाट बदलते, ही गोष्ट दोन्ही खेळांत खरी आहे. फक्त क्रिकेटचा चेंडू हवेत वळतो, बोलिंगचा जमिनीवर. आणि जमिनीवर वळण्याची गोष्ट वाटते त्यापेक्षा बरीच विचित्र आहे.

मॉलमधला चेंडू वळत का नाही?

इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असताना पुण्यातल्या एका मॉलमध्ये आम्ही सहा जण बोलिंगला गेलो होतो. यूट्यूबवर पाहिलेले होते की चेंडू उजव्या कडेने जातो आणि शेवटी झपकन डावीकडे वळून पिनांमध्ये घुसतो. मी मनगट पिळून पिळून तसेच टाकायचा प्रयत्न केला. चेंडू सरळ गेला. पुढचाही सरळ गेला. तिसरा गटारात. दोष मनगटाचा, असे त्या दिवशी सर्वानुमते ठरले.

मनगटाचा होताच, पण सगळा नाही. अशा ठिकाणी रॅकवर ठेवलेले रंगीबेरंगी चेंडू पॉलिएस्टरचे, म्हणजे साध्या भाषेत प्लॅस्टिकचे असतात. कडक आणि गुळगुळीत. त्यांनी सरळ जावे हीच अपेक्षा असते. स्पर्धेतले खेळाडूसुद्धा एकटी उरलेली पिन टिपायची असेल तर असाच प्लॅस्टिकचा चेंडू उचलतात, कारण तिथे वळण नकोच असते.

वळणारे चेंडू वेगळ्या जातीचे. १९८० च्या दशकात युरेथेनचे आले आणि १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ‘रिअ‍ॅक्टिव्ह रेझिन’चे. या रेझिनच्या कवचाला अतिसूक्ष्म छिद्रे असतात आणि ते तेल शोषून घेते. आज स्पर्धांमध्ये प्रामुख्याने हेच चेंडू दिसतात. घासण्याचा सगळा खटाटोप आहे तो मुख्यतः यांच्यासाठी.

तेल शोषते म्हणजे? तेल कुठून आले?

लेनवर तेल असते. हे बहुतेकांना माहीत नसते, कारण ते दिसत नाही.

लेन फाउल लाइनपासून पहिल्या पिनपर्यंत ६० फूट, म्हणजे १८.२९ मीटर लांब असते आणि साडेतीन फुटांहून किंचित कमी रुंद. त्यातल्या साधारण पहिल्या ४० फुटांवर मशीनने खनिज तेलाचा पातळ थर दिला जातो. शेवटचे २० फूट कोरडे. पूर्वी लेन लाकडाच्या असत आणि सहा-सात किलोचे चेंडू घसटून लाकूड खराब होऊ नये म्हणून तेल लावत. आता लेन सिंथेटिक झाल्या, पण तेल राहिले आणि हळूहळू खेळाचाच भाग झाले. कुठे किती तेल टाकायचे याचे नकाशे असतात. रोजच्या गिऱ्हाइकांसाठीचा नकाशा सोपा ठेवतात: मध्ये भरपूर तेल, कडांना कमी. स्पर्धेचा नकाशा छळणारा असतो.

थर किती पातळ? तेल मोजायचे एक ‘युनिट’ आहे. एका चौरस फुटावर ०.०१६७ घनसेंटिमीटर तेल सारखे पसरले की एक युनिट. भागाकार केला तर जाडी येते सुमारे ०.१८ मायक्रॉन. दाट तेलाच्या भागात अशी काही डझन युनिट असतात, म्हणजे पाच-दहा मायक्रॉन किंवा थोडे जास्त. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉनचा. हा आकडा लक्षात ठेवा. घासण्याचे गणित याच मापात चालते.

चेंडू वळतो कसा?

चेंडूचा व्यास साडेआठ इंच. म्हणजे परीघ साधारण ६८ सेंटिमीटर. चांगला खेळाडू तो ताशी २७ किलोमीटरच्या आसपास टाकतो. या वेगाने चेंडू न घसरता नुसता घरंगळत जायचा असेल, तर त्याने मिनिटाला ६६० च्या आसपास फेऱ्या घेतल्या पाहिजेत. पण हातातून सुटताना बहुतेक खेळाडू त्याला ३००-४०० फेऱ्याच देऊ शकतात, त्याही तिरक्या. चेंडू पुढे जात असतो आणि फिरत असतो जरा बाजूला.

म्हणजे सुरुवातीला तो घसरतोच. तेलावरून तर मजेत घसरतो. तरीही चेंडू आणि लेन यांच्यात जेवढे काही घर्षण असते ते दोन कामे करते. पुढचा वेग कमी करते आणि तिरक्या फिरकीच्या दिशेला चेंडू ढकलते. हे ढकलणे म्हणजेच वळण, खेळाडूंच्या भाषेत हूक. एकदा वेग आणि फेऱ्या जुळल्या की घसरणे संपते आणि चेंडू नुसता घरंगळू लागतो. त्यानंतर तो वळत नाही. त्याच्याकडे वळायला काही उरलेलेच नसते.

घसरणे, वळणे, घरंगळणे. अडीच सेकंदांत तीन टप्पे. प्रत्येक टप्पा कुठे संपतो यावर स्ट्राइक अवलंबून. कारण स्ट्राइकसाठी चेंडूने पहिल्या आणि तिसऱ्या पिनच्या मधल्या खाचेत तिरके घुसावे लागते. आदर्श कोन साधारण सहा अंशांचा मानला जातो. लेनच्या उजव्या कडेवरून अगदी सरळ रेषेत टाकला तर कोन येतो दीड अंश. उरलेले साडेचार अंश वळणातूनच मिळवायचे. कोन कमी पडला की चेंडू पहिल्या पिनला धडकून बाहेर फेकला जातो आणि कोपऱ्यातली दहावी पिन शांतपणे उभी राहते. उजव्या हाताच्या खेळाडूंना ही दहावी पिन स्वप्नातही दिसते.

मग चेंडू खरखरीत केला की जास्त वळणार, बरोबर?

चूक. सगळा घोळ इथेच होतो. मलाही हे दोनदा वाचावे लागले.

खरखरीत चेंडू जास्त वळत नाही, तो लवकर वळू लागतो. आणि या दोन वाक्यांत सगळा खेळ आहे.

मोटारीच्या टायरचा विचार करा. पावसात रस्त्यावर पाण्याचा थर असतो. टायरला नक्षी असेल तर पाणी त्या खाचांतून बाहेर जाते आणि रबर डांबराला टेकते. गोटा झालेला टायर पाण्यावर तरंगतो. चेंडूचेही तसेच. घासलेल्या चेंडूवर सूक्ष्म चरे असतात, त्यांच्या मध्ये सूक्ष्म उंचवटे. चेंडू लेनला टेकतो तो एखाद्या नाण्याएवढ्या जागेत आणि त्या जागेवर सगळे वजन. उंचवटे तेलाचा थर भेदतात, तेलाला चऱ्यांतून वाट मिळते आणि चेंडू तेलातच पकड घेऊ लागतो. पॉलिश केलेला चेंडू मात्र तेलावर तरंगत पुढे जातो. त्याला पकड मिळते ती थेट कोरड्या २० फुटांत.

आता मिळकतीचा हिशेब करा. चेंडूकडे फिरकीची ठरावीक पुंजी आहे. खरखरीत चेंडू ती पहिल्या ३०-४० फुटांत खर्च करत येतो. वळण पसरट, सावकाश, अंदाज बांधायला सोपे. पॉलिश केलेला चेंडू पुंजी राखून ठेवतो आणि शेवटी एकदम उडवतो. म्हणून तो जोरात वळल्यासारखा दिसतो. टीव्हीवर बघणाऱ्याला वाटते, याचा चेंडू काय वळतो! अनेकदा तो चकाकणारा चेंडू असतो.

मग पॉलिशच करून टाकावे? तेही नाही. तेल दाट असेल तर पॉलिश केलेला चेंडू घसरत घसरत थेट पिनांपर्यंत जातो, पुंजी तशीच शिल्लक, मॉलमधल्या माझ्या चेंडूसारखा. उलट तेल कमी असताना खरखरीत चेंडू आणला तर तो अर्ध्या लेनवरच दमतो. पिनांपर्यंत पोहोचतो तेव्हा नुसता घरंगळत असतो. खाचेत बरोबर लागतो, पण जोर नसतो. बघणारा म्हणतो नशीब वाईट. नशिबाचा संबंध नसतो. चेंडू दहा फूट आधीच संपलेला असतो.

चेंडूच्या आत विचित्र आकाराचे गाभे असतात, त्यांच्या जाहिराती भपकेबाज असतात, आणि एका चेंडूसाठी दोनशे डॉलरच्या आसपास किंमत त्यासाठीच मोजली जाते असे वाटते. पण अमेरिकेची नियामक संघटना यूएसबीसी, म्हणजे युनायटेड स्टेट्स बोलिंग काँग्रेस, हिने चेंडूच्या हालचालीचा मोठा अभ्यास केला. त्यात चेंडूच्या गुणधर्मांपैकी त्याच्या वाटेवर सर्वाधिक परिणाम करणारा घटक निघाला पृष्ठभागाची सूक्ष्म खरखर. म्हणजे तीच गोष्ट, जी काही मिनिटांत पॅडने बदलता येते.

घासतात कसे?

ज्यांनी मेकॅनिकलच्या मेटलर्जी लॅबमध्ये स्टीलचा तुकडा घासला आहे, त्यांना हे लगेच कळेल. आम्हाला एमरी पेपरचे चार नंबर दिलेले असत. एका नंबरवर सगळे चरे एका दिशेने पाडायचे. मग तुकडा ९० अंशांत फिरवून पुढच्या, बारीक नंबरवर घासायचा, आधीचे चरे पूर्ण जाईपर्यंत. शेवटी मखमलीच्या फिरत्या चकतीवर आरसा. कंटाळून एक नंबर गाळला की सूक्ष्मदर्शकाखाली जुने चरे दात काढून हसत. सर काही बोलत नसत, नुसते पहिल्या पेपरकडे बोट दाखवत.

बोलिंगमध्येही हेच. इथे कागदाऐवजी फोमची पाठ असलेले गोल पॅड वापरतात. फिनलंडच्या मिर्का कंपनीचे ‘अ‍ॅब्रालॉन’ पॅड इतके रूढ आहेत की ते नावच मापासारखे झाले आहे. नंबर ५००, १०००, २०००, ४००० असे चढत जातात. गॅरेजमध्ये गाडीच्या रंगावर मारतात त्या वॉटर पेपरसारखेच: नंबर मोठा तेवढा दाणा बारीक आणि पृष्ठभाग गुळगुळीत. ५०० चा चेंडू हाताला कोरड्या खडूसारखा लागतो, ४००० चा मॅट रेशमासारखा. त्यापुढे पॉलिश, म्हणजे बाटलीतले द्रावण चोळून आणलेली चकाकी.

चेंडू ‘स्पिनर’ नावाच्या यंत्रावर ठेवतात. मोटर, त्यावर वाटी, वाटीत चेंडू. तो फिरत असताना पाणी शिंपडून पॅड तळहाताने दाबायचा आणि वरून खाली न्यायचा. काही सेकंद, मग चेंडू फिरवून दुसरी बाजू. अशा चार किंवा सहा बाजू, म्हणजे चरे एकमेकांना छेदत जातात आणि खरखर सगळीकडे सारखी येते. त्याआधी चेंडू स्वच्छ धुवायचा, नाही तर रेझिनमधले तेल पॅडमध्ये भरते आणि पॅड नुसता सरकत राहतो. यंत्र नसेल तर हातानेही होते. वेळ लागतो आणि खांदा भरून येतो.

खरी मेख मात्र नंबरात नाही, क्रमात आहे. समजा दोन चेंडूंवर शेवटचा हात २००० च्या पॅडचा आहे. पण एकावर त्याआधी ५०० मारला होता आणि दुसऱ्यावर १०००. दोन्ही ‘दोन हजारचे’, दोन्ही हाताला जवळजवळ सारखे. तरी लेनवर वेगळे वागतात. कारण ५०० ने पाडलेले खोल चरे तळाशी तसेच असतात, २००० ने फक्त वरची टोके गोल केलेली असतात. तेलाला निचरा व्हायला खोल खाच आहे आणि पकडही आहे. म्हणूनच चेंडूच्या खोक्यावर कंपन्या नुसता शेवटचा नंबर न देता ‘५००, १०००, २०००’ असा अख्खा क्रम छापतात. भिंतीला रंग देणारे कारागीर हे वेगळ्या शब्दांत सांगतील: वरचा हात कितीही चांगला मारा, खालची लांबी कशी घासली ते दिसतेच.

त्यात पॅड नवा की झिजलेला, हाताचा दाब किती, पाणी किती, यानेही फरक पडतो. दहा चेंडू घासून झालेला १००० चा पॅड १००० चा राहत नाही. त्यामुळे जाणकार खेळाडू वहीत नोंदी ठेवतात. तारीख, पॅड, सेकंद. प्रॅक्टिकलचे जर्नल पुन्हा आयुष्यात आले म्हणायचे.

एकदा घासले की काम झाले?

नाही ना. हीच तर पीडा.

पूर्वी गावोगाव आणि शहरातल्या चाळींतही जात्याला, पाट्याला टाकी लावून देणाऱ्या बायका दारावर येत. दळून दळून, वाटून वाटून दगड गुळगुळीत होतो, मिरची नुसती सरकते. मग छिन्नीने त्यावर पुन्हा बारीक खड्डे पाडायचे. बोलिंगच्या चेंडूचे दुखणे हेच आहे. लेनवरून प्रत्येक फेरीत त्याचे उंचवटे थोडे थोडे झिजतात. ५०० चा ताजा चेंडू काही गेमांतच मवाळ होतो. खेळाडू याला ‘लेन शाइन’ म्हणतात. गंमत म्हणजे पॉलिश केलेल्या चेंडूचे उलटे होते. त्याच्यावर लेनचे ओरखडे पडून चकाकी मंदावते. खरखरीत गुळगुळीत होत जातो, गुळगुळीत खरखरीत होत जातो, आणि दोन्ही मधल्या कुठल्या तरी अवस्थेकडे सरकतात.

म्हणून ‘माझा चेंडू मेला’ ही तक्रार बोलिंगमध्ये फार ऐकू येते. नवा होता तेव्हा कसा वळायचा, आता काहीच करत नाही. काही चेंडूंच्या बाबतीत तेल खोलवर मुरलेले असते हे खरे. ते कोमट पाण्याने किंवा खास यंत्रातल्या मंद उष्णतेने काढता येते. घरच्या ओव्हनमध्ये चेंडू ठेवून तडा पाडून घेणारे महाभागही आहेत, त्यांच्या वाटेला जाऊ नये. पण अनेकदा चेंडू मेलेला नसतो. त्याला फक्त टाकी लावायची असते.

मग हे फसवणूक कसे नाही?

या प्रश्नाला इतिहास आहे आणि त्याचे नाव डॉन मॅक्यून. अमेरिकेच्या व्यावसायिक बोलिंगमध्ये, म्हणजे पीबीए टूरवर, १९७३ साली मॅक्यूनने सहा स्पर्धा जिंकल्या आणि तो वर्षाचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. त्याचे गुपित बादलीत होते. तो प्लॅस्टिकचे चेंडू मिथाइल इथाइल कीटोन या द्रावकात बुडवून ठेवत असे. कवच मऊ पडायचे आणि लेनला धरायचे. तेव्हा हे नियमाबाहेर नव्हते. लवकरच इतरही बादल्या घेऊन बसले. ते द्रावक ज्वालाग्राही, त्याची वाफ घातक, आणि लोक हॉटेलच्या खोल्यांत हे उद्योग करत होते. अखेर चेंडू किती कडक हवा याची किमान मर्यादा आली. अशी किमान मर्यादा यूएसबीसीच्या नियमांत आजही आहे आणि कडकपणा ‘ड्युरोमीटर डी’ मापावर मोजतात. हा नियम कागदावरचा नाही: मार्च २०२२ मध्ये एका प्रख्यात कंपनीच्या एका चेंडूची मान्यता याच कारणाने काढून घेण्यात आली.

खरखरीलाही कमाल मर्यादा आहे. पृष्ठभागाची सरासरी खरखर, इंजिनीअरांच्या भाषेत ‘आरए’, ५० मायक्रोइंचांहून जास्त नको. म्हणजे १.२७ मायक्रॉन. वर तेलाच्या थराचा आकडा लक्षात ठेवायला सांगितले होते, तो इथे जुळवा. एका युनिटचा थर ०.१८ मायक्रॉन, चेंडूची सरासरी खरखर जास्तीत जास्त सव्वा मायक्रॉन. केसाच्या पन्नासाव्या भागाएवढ्या उंचवट्यांचा आणि त्याच मापाच्या तेलाचा हा झगडा आहे.

पण क्रिकेटशी तुलना करताना सर्वांत महत्त्वाचा नियम तिसराच आहे. तो काय घासायचे हे सांगत नाही, कधी घासायचे ते सांगतो. यूएसबीसीच्या मान्यताप्राप्त स्पर्धेत खेळ सुरू झाल्यावर घासण्याच्या साहित्याने चेंडूचा पृष्ठभाग बदलायला मनाई आहे. सुरू होण्याआधी, सरावाच्या वेळेत, चालते. खेळ चालू असताना तसे केले तर तो चेंडू बाद होतो आणि त्या चेंडूने खेळलेल्या गेमवरही पाणी सोडावे लागते. क्रिकेटमध्ये दोन्ही संघ एकाच चेंडूने खेळतात, तो पंचांच्या ताब्यातला असतो, म्हणून त्याला हात लावणे हा गुन्हा. बोलिंगमध्ये चेंडू ज्याचा त्याचा. समाईक असते ती लेन. म्हणून इथे चेंडूवर नव्हे, घड्याळावर पहारा आहे.

ऐकायला हे न्याय्य वाटते. मला मात्र यात एक गोम दिसते.

खेळ पुढे सरकतो तसे तेल हलते. प्रत्येक चेंडू थोडे तेल उचलून नेतो, थोडे पुढे ओढतो. पहिल्या गेममध्ये जिथे दाट तेल होते तिथे तिसऱ्या गेममध्ये कोरडा पट्टा असतो. म्हणजे सकाळी जी खरखर अचूक होती ती तासाभरात चुकीची ठरते. नियमाने पॅड काढता येत नाही. मग उपाय एकच: चेंडू बदला. ज्याच्याकडे सहा चेंडू आहेत त्याने सहा वेगवेगळे पृष्ठभाग आधीच तयार करून आणलेले असतात. ज्याच्याकडे दोन आहेत, त्याच्याकडे दोनच पर्याय.

आणि इथे भारताचा संबंध येतो. हा खेळ १९७८ च्या बँकॉक आशियाई स्पर्धेपासून २०१८ च्या जकार्ता-पालेमबांगपर्यंत अनेकदा आशियाई स्पर्धांत होता, आपले खेळाडूही तिथे उतरले आहेत. पण आपल्याकडे लेन प्रामुख्याने मॉलच्या करमणूक केंद्रांत, आणि स्पर्धेचा चेंडू परदेशातून मागवायचा. दोनशे डॉलर, वर वाहतूक आणि शुल्क. परदेशात खेळायला जायचे तर विमानाचे सामान वेगळे. १५ पौंडांचा एक चेंडू ६.८ किलोचा, सहा चेंडू म्हणजे ४० किलोंहून जास्त, कपडे सोडून. कोरिया किंवा अमेरिकेच्या खेळाडूला ही चिंता असते, पण आपल्याइतकी नाही.

म्हणूनच घासण्याची विद्या आपल्यासारख्यांसाठी चैनीची नाही. एक चेंडू ५००-२००० चा करून आजच्या दाट तेलाला वापरायचा, उद्याच्या लेनवर तेल कमी आहे असे दिसले की तोच ४००० वर नेऊन पॉलिश करायचा. चेंडू एकच, पण लेनला दोन. काही पॅड आणि एक बाटली पॉलिश, एवढ्यात. प्रत्येक वेळी कवचाचा अगदी पातळ थर जातो हे खरे, पण अधूनमधून घासल्याने चेंडू संपत नाही. तो तेल पिऊन किंवा तडा जाऊनच आधी निवृत्त होतो.

तुम्ही सुरुवात करत असाल तर?

पहिला स्वतःचा चेंडू घेतला की लगेच घासू नका. कंपनीने दिलेल्या पृष्ठभागावर वीस-तीस गेम खेळा आणि चेंडू कुठे वळू लागतो ते बघा. पिनांवर नजर ठेवून हे कळत नाही, लेनच्या मध्यावर बघावे लागते. वळण उशिरा येत असेल तर एक नंबर खाली या, म्हणजे २००० वरून १०००. लवकर येऊन पुढे दम संपत असेल तर एक नंबर वर जा. थेट पॉलिशवर उडी नको. चेंडूवर आधी कोणता क्रम होता तो लिहून ठेवा. आणि प्रत्येक वेळी पूर्ण चेंडू घासा, नुसता वापरातला पट्टा नव्हे.

खेळ संपल्यावर लगेच, तेल आत मुरायच्या आधी, चेंडू पुसायची सवय लावा. हे काम साध्या मायक्रोफायबरच्या फडक्याने होते.

बाकी सगळे सरावाच्या त्या दहा-पंधरा मिनिटांत ठरते. चार-पाच चेंडू टाकायचे, ते कुठे पकड घेतात ते बघायचे आणि समोरच्या न दिसणाऱ्या तेलाबद्दल अंदाज बांधायचा. खुर्चीजवळ चेंडू मांडीवर घेऊन कुणी घाईघाईने १००० चा पॅड फिरवत असतो, शेजारचा त्याच लेनकडे बघून ४००० चा. मग खेळ सुरू झाल्याची घोषणा होते आणि दोघांचेही पॅड बॅगेत जातात.